शॅम्पूची वडी घरी: एक मेणचट, दुसरीचा भुगा. प्रमाण कुठे बदलायचं?

जास्वंदी

शॅम्पूच्या वडीच्या दोन कृती खाली देते आहे. दोन्ही जमत नाहीयेत आणि दोन्हींची दुखणी वेगळी आहेत. कुठलं प्रमाण बदलायचं ते जाणकारांनी सांगावं.

पहिली कोल्ड प्रोसेसची (न शिजवता केलेल्या साबणाची), कॉस्टिक सोडा घालून केलेली. १००० ग्रॅम तेलात खोबरेल ४००, ऑलिव्ह ३००, एरंडेल २००, शिया बटर १००. सुपरफॅट (साबण न होता उरणारं जादा तेल) ८ टक्के. सहा आठवडे सुकवलेली. पीएच पट्टीवर ९ ते १० च्या मध्ये. फेस छान येतो, पण केस वाळले की मेणचट लागतात आणि कंगव्यावर पांढुरका थर धरतो. व्हिनेगरच्या पाण्याने धुतलं की फरक पडतो, पण पूर्ण जात नाही.

दुसरी साबणाची नाही, सर्फॅक्टंटची (मळ काढणाऱ्या, फेस देणाऱ्या रसायनांची). एससीआय (सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट) पावडर ७० टक्के, सीएपीबी (कोकॅमिडोप्रोपिल बिटेन) १०, कोको बटर १२, स्टिअरिक ॲसिड ८. ही साच्यातून काढतानाच कडा सोडते आणि वापरायला घेतली की भुगा होतो. हाताला रवाळ लागते, फेसही उशिरा येतो. हिचा पीएच मोजलेला नाही.

केस खांद्याच्या खाली, लाटदार, मध्यम जाडीचे, रंगवलेले. टाळू दुसऱ्याच दिवशी तेलकट, टोकं मात्र राठ. पाणी क्षाराचं, नळाच्या तोंडाशी पांढरा थर साचतो.

प्रश्न असे: पहिल्या वडीचा पीएच सायट्रिक ॲसिड घालून ५.५ पर्यंत उतरवता येईल का? दुसरी का फुटते? टाळू तेलकट आणि टोकं कोरडी असतील तर कृती नक्की कुणाच्या बाजूने वळवायची? आणि प्रिझर्व्हेटिव्ह लागतंच का?

पीएच_साडेपाच

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. साबण म्हणजे फॅटी ॲसिडचा सोडियम क्षार. तो अल्कधर्मी पाण्यातच साबण म्हणून टिकतो. तयार साबणात आम्ल घालत गेलात की सोडियम सुटतो आणि मागे नुसतं फॅटी ॲसिड उरतं, जे पाण्यात विरघळत नाही. पीएच ९ च्या खाली घसरायला लागला की द्रावण गढूळ होतं, फेस बसतो, आणि ५.५ येईपर्यंत भांड्यात साबणच शिल्लक नसतो, वर तेलकट तवंग तेवढा दिसतो. वडी जास्त दिवस सुकवूनही हे बदलत नाही. सुकताना पाणी उडतं, वडी कडक होते, उरलासुरला सोडा संपतो. पीएच मात्र जिथे होता तिथेच.

केसांना याचा त्रास होतो तो असा. केसाचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला केसावर एकूण विद्युतभार शून्य असतो तो, साधारण ३.७ ला आहे. पाण्याचा पीएच त्याच्या जितका वर, तितका केसावरचा ऋण भार जास्त. मग केस एकमेकांना ढकलतात, एकमेकांवर जास्त घासले जातात, बाहेरचे खवले उचलले जातात आणि गुंता होतो. रंगवलेल्या केसांचे खवले आधीच ढिले असतात, त्यामुळे तिथे रंगही लवकर निघतो.

पण तुमचा मेणचटपणा मुख्यतः पीएचचा नाही, पाण्याचा आहे. क्षाराच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. बादलीच्या कडेला जो थर बसतो तोच केसांवर बसतो. व्हिनेगरने अर्धवटच गुण का येतो, तेही यातच आलं: आम्लाने कॅल्शियम सुटतं, पण फॅटी ॲसिड केसावरच राहतं आणि ते मुळात चिकट. ते काढायला पुन्हा साबण लावला की पुन्हा साका.

तरीही सोड्याचीच वडी करायची असेल, तर दोन गोष्टी बदला. एक, सुपरफॅट ८ वरून ३ टक्क्यांवर आणा. अंगाच्या साबणाला चालणारं जादा तेल केसांना जड होतं. दुसरी, सायट्रिक ॲसिड घाला, पण पीएचसाठी नाही. सोड्याशी संयोग पावून त्याचं सोडियम सायट्रेट होतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे साका कमी होतो. मात्र हे ॲसिड सोडा खातं, म्हणून तेवढा सोडा वर घालावा लागतो: निर्जल सायट्रिक ॲसिडच्या १ ग्रॅमला ०.६२४ ग्रॅम सोडा, मोनोहायड्रेट (पाण्याचा अंश असलेलं) असेल तर ०.५७१.

तुमच्या तेलांचा हिशोब मांडतो, तेलाचे ग्रॅम गुणिले त्या तेलाच्या १ ग्रॅमला लागणारा सोडा. खोबरेल ४०० × ०.१८३ = ७३.२, ऑलिव्ह ३०० × ०.१३५ = ४०.५, एरंडेल २०० × ०.१२८ = २५.६, शिया १०० × ०.१२८ = १२.८. एकूण १५२.१ ग्रॅम सोडा. ३ टक्के सुपरफॅट म्हणजे १४७.५. निर्जल सायट्रिक ॲसिड तेलाच्या २ टक्के, म्हणजे २० ग्रॅम घेतलं तर त्याचा १२.५ ग्रॅम सोडा वाढेल. झाले १६० ग्रॅम. तेलाचे आकडे थोडे मागेपुढे असतात, म्हणून सोप कॅल्क्युलेटरवर ताडून घ्याच. सायट्रिक ॲसिड आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, मग त्या पाण्यात सोडा थोडा थोडा टाका. सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. ॲल्युमिनियमचं भांडं नको. चष्मा आणि ग्लव्ज हवेतच.

एरंडेल २० टक्के जास्त आहे. वडी मऊ पडते आणि चिकट फेस केसातून लवकर सुटत नाही. १० टक्क्यांवर आणा, सोड्याचा हिशोब मात्र नव्याने करा.

हे सगळं करूनही माझं मत विचाराल तर क्षाराचं पाणी आणि रंगवलेले केस ही जोडी असेल तिथे सोड्याचा नाद सोडावा. तुमची दुसरी वडी मार्गावर आहे, फक्त बांधणी चुकली आहे. ते वजनकाटा नीट सांगतील.

वजनकाटा

दुसऱ्या वडीतला घोळ आकड्यांतच दिसतो. एससीआय घरगुती उष्णतेवर वितळत नाही. ते ओलं होतं, फुगतं, सीएपीबीत काही अंशी विरघळतं आणि त्याचा लगदा होतो. तो लगदा थंड झाल्यावर घट्ट धरतो. तुमच्याकडे ७० भाग पावडरीला १० भाग द्रव आहे, आणि त्या द्रवात सर्फॅक्टंट ३० टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पाणी. एवढ्यात सगळे कण भिजतच नाहीत. कोरडे राहिलेले कण कोको बटरने तात्पुरते चिकटवलेले आहेत. पाणी लागलं, चोळलं, की सुटले. म्हणूनच रवाळ लागते आणि म्हणूनच फेस उशिरा. १२ टक्के बटर वर फेस मारतं ते वेगळंच.

तुमच्या केसांसाठी २०० ग्रॅमची कृती:

एससीआय बारीक पावडर ११० ग्रॅम
सोडियम कोको सल्फेट (एससीएस) २० ग्रॅम
सीएपीबी ३० ग्रॅम
सिटाइल अल्कोहोल १२ ग्रॅम
स्टिअरिक ॲसिड ८ ग्रॅम
कोको बटर ६ ग्रॅम
कॅटायनिक ग्वार (केस मऊ करणारी, धनभारित गवार-डिंकाची पूड) ०.६ ग्रॅम
ग्लिसरीन २.४ ग्रॅम
पँथेनॉल (ओलावा धरणारं, ब५ जीवनसत्त्वाचं रूप) २ ग्रॅम
हायड्रोलाइज्ड प्रोटीन ४ ग्रॅम
फिनॉक्सिइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीन यांचं मिश्रण २ ग्रॅम
सुगंधी तेल १ ग्रॅम
सायट्रिक ॲसिडचं ५० टक्के द्रावण साधारण २ ग्रॅम, पीएच बघून

सक्रिय सर्फॅक्टंट किती ते मोजायची सवय ठेवा, नुसत्या वजनावर जाऊ नका. एससीआय सुमारे ८४ टक्के सक्रिय धरलं तर ९२.४, एससीएस ९० टक्के धरलं तर १८, सीएपीबी ३० टक्के म्हणजे ९. बेरीज ११९.४, म्हणजे २०० ग्रॅमात जवळजवळ ६० टक्के. ५० ते ७० च्या पट्ट्यात असलं की वडी नीट साफ करते आणि टिकतेही. तुमच्या मालाच्या माहितीपत्रकात सक्रिय टक्केवारी दिलेली असते, ती घालून हिशोब करा.

आता क्रम. तो मुद्दाम असा आहे, उलटापालटा करू नका.

पावडर उघडण्याआधी मास्क आणि चष्मा लावा, पंखा बंद. एससीआयची धूळ नाकात गेली की शिंका थांबत नाहीत. एसएलएसए नावाची जी हलकी पावडर मिळते ती याहून वाईट. वजन करताना डबा हळू उलटा करा, चमच्याने आपटू नका.

कॅटायनिक ग्वार आधी ग्लिसरीनमध्ये कालवून ठेवा. थेट ओल्या मिश्रणात टाकलंत तर गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या शेवटपर्यंत फुटत नाहीत.

सायट्रिक ॲसिडचं द्रावण (१० ग्रॅम ॲसिड, १० ग्रॅम डिस्टिल्ड पाणी) करा आणि त्यातलं १ ग्रॅम सीएपीबीत आधीच मिसळा. कारण असं: एससीएस अल्कधर्मी असतं आणि एससीआय हा एस्टर आहे, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून झालेलं संयुग. पाणी, उष्णता आणि वाढलेला पीएच एकत्र आले की एस्टर तुटतो, फॅटी ॲसिड सुटतं, मग वडीला मेणासारखा वास येतो आणि फेस मरतो. आम्ल शेवटी घालायचं म्हणून राखून ठेवलं तर तोपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं.

काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात एससीआय, एससीएस आणि सीएपीबी एकत्र करा, ग्वार घाला, झाकण ठेवा आणि उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवा. झाकण महत्त्वाचं आहे, नाहीतर सीएपीबीतलं पाणी उडून जातं आणि पुन्हा कोरडंच. मिश्रण ७५ ते ८० अंशांच्या आसपास राहू द्या. दर पाच मिनिटांनी झाकण काढून चमच्याने दाबत दाबत कालवा; ढवळून काही होत नाही, दाबावंच लागतं. १५ ते २५ मिनिटांत पांढरी पावडर दिसेनाशी होऊन मऊ, किंचित चमकदार लगदा होतो. एससीएसच्या शेवया असतील तर त्या आधी कुटून घ्या. अख्ख्या टाकल्या तर वडीत टणक ठिपके राहतात.

दुसऱ्या भांड्यात सिटाइल अल्कोहोल, स्टिअरिक आणि कोको बटर वितळवा. स्टिअरिकला ७० अंश लागतात, सिटाइल ५० च्या आतच वितळतं. म्हणून 'वितळलं' असं वाटल्यावरही तळाशी स्टिअरिकचे पापुद्रे आहेत का ते बघा. हे गरम असतानाच लगद्यात ओता. थंड लगद्यावर ओतलंत तर जागच्या जागी गोठून पांढरे डाग पडतात.

आच काढा. ४५ अंशांच्या खाली आलं की पँथेनॉल, प्रोटीन, प्रिझर्व्हेटिव्ह, सुगंध. इथून हात लवकर चालला पाहिजे, कारण मिश्रण बघता बघता घट्ट होतं.

साच्यात भरण्याआधी मुठीत एक गोळा दाबून बघा. घट्ट मळलेल्या कणकेसारखा हवा: बोटांचे ठसे उमटले पाहिजेत आणि कडेला भेग पडता कामा नये. भेग पडली तर १ ग्रॅम सीएपीबी घालून पुन्हा थोडं गरम करा आणि मळा. एकदम ५ ग्रॅम ओतू नका. लगदा पातळ झाला तर तो परत घट्ट करायला पावडर घालावी लागते आणि ती कोरडी पावडर पुन्हा तीच रवाळ वडी देते.

साचा थोडा थोडा भरत, दर थराला दाबत जा. मध्ये हवा अडकली की सुकताना तिथूनच तडा जातो. साच्यातून निघत नसेल तर अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. नंतर हवेशीर जागी जाळीवर. किती दिवस सुकवायचं हे हवेवर अवलंबून आहे, म्हणून दिवस मोजण्यापेक्षा वजन मोजा: सलग दोन दिवसांच्या वजनात अर्ध्या ग्रॅमहून कमी फरक आला की झाली.

पीएचसाठी १ ग्रॅम किसून ९ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात पूर्ण विरघळवायचं. नळाचं पाणी नको, तुमच्याकडचं तर नकोच. ५ ते ५.५ आला की ठीक. १ ते १४ वाली पट्टी इथे काही कामाची नाही, अर्ध्या अंकाचा फरक तिच्यावर कळत नाही, ४.५ ते ७ अशी अरुंद पट्टी घ्या. हे मोजणं मिश्रण गरम असतानाच करा, म्हणजे राहिलेलं आम्ल थेंब थेंब घालता येतं. वडी पडल्यावर कळून उपयोग नाही.

कुरळे_प्रकरण

वजनकाटांच्या क्रमाला +१. आम्ल आधी घालण्याचा मुद्दा फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळतो.

केसांप्रमाणे बदल करायचा तर एकच भेद डोक्यात ठेवावा: सर्फॅक्टंट टाळू बघून ठरवायचं, कंडिशनिंगचं सामान टोकं बघून. 'तेलकट केस' किंवा 'कोरडे केस' अशी एकच चिठ्ठी लावून कृती निवडली की तुमच्यासारख्यांची पंचाईत होते, कारण तेल सोडतो तो टाळू आणि कोरडेपणा असतो टोकांना. टोकं राठ आहेत म्हणून वडीत बटर वाढवलं तर ते आधी टाळूवर लागतं, दुसऱ्या दिवशीचा तेलकटपणा पहिल्या संध्याकाळीच येतो आणि टोकांपर्यंत काही पोचत नाही. सगळी चरबी मिळून (सिटाइल, स्टिअरिक, बटर, तेल) १७ टक्क्यांच्या वर नेऊ नये, आणि त्यातलं बटर नि तेल ५–६ टक्क्यांत आवरावं.

सिटाइल अल्कोहोलला लोक उगाच घाबरतात. नावात अल्कोहोल असलं तरी ते मेणासारखं घन आहे, केस सुकवत नाही. उलट बटरपेक्षा हलकं लागतं.

वजनकाटांची कृती मध्य धरली तर दोन टोकं अशी होतील, दोन्ही २०० ग्रॅमची.

टाळू खूप तेलकट, केस बारीक आणि सरळ: एससीआय १००, एससीएस ३६, सीएपीबी ३२, सिटाइल ८, स्टिअरिक ८, हलकं तेल २, केओलिन (पांढरी माती) ६, पँथेनॉल २, प्रिझर्व्हेटिव्ह २, सुगंध १, सायट्रिक द्रावण ३. ग्वार आणि प्रोटीन दोन्ही गाळा. बारीक केसाला पॉलिमरचा थर लगेच जाणवतो, मुळांशी केस चपटे बसतात. केओलिन ३ टक्के पुरे. ६ टक्के घातलं तर फेस मंदावतो आणि वडी सुकताना चिरते. बेंटोनाइट ही दुसरी माती घालू नका, ते धनभारित पदार्थ शोषून बसतं आणि पाणी पिऊन फुगतं.

टाळू कोरडा, केस कुरळे, जाड: एससीएस पूर्ण काढा. एससीआय ११६, सीएपीबी ३४, सिटाइल १६, स्टिअरिक ६, शिया किंवा कोको बटर १२, ग्वार ०.८, ग्लिसरीन ३.२, पँथेनॉल ४, प्रोटीन ४, प्रिझर्व्हेटिव्ह २, सुगंध १, सायट्रिक द्रावण १ च्या आसपास. एससीआय एकटं असलं की पीएच मुळातच ५–६ च्या जवळ असतो, म्हणून आम्ल कमी लागतं. शिया घेतलंत तर वडी किंचित मऊ होईल. दमट हवेत कोको बटर बरं.

प्रोटीनबद्दल: काही केसांना ते मानवत नाही, धुतल्यावर केस कडक आणि काडीसारखे होतात. तसं झालं तर प्रोटीन काढून त्या जागी ४ ग्रॅम सीएपीबी घाला, बाकी काही हलवू नका. एका वेळी एकच घटक बदला. एकदम तीन बदलले तर गुण कशाने आला आणि बिघाड कशाने, काही कळत नाही.

रंगवलेल्या केसांसाठी वजनकाटांच्या कृतीतलं एससीएस २० वरून १० करा आणि एससीआय १२० घ्या. टाळू तरीही तेलकट राहिला तरच परत वाढवा. वडीतल्या बदलाने रंग जन्मभर टिकेल ही अपेक्षा मात्र नको, नुसत्या पाण्यानेही तो थोडा थोडा निघतोच.

पाण्याच्या ग्लासात केस टाकून तो तरंगतो की बुडतो यावरून 'पोरॉसिटी' (केस पाणी किती शोषतो ते) ठरवण्याचा जो प्रकार चालतो, तो सोडून द्या. केसावर तेलाचा पातळ थर असला तरी तो तरंगतो. त्यापेक्षा केस भिजायला आणि वाळायला किती वेळ लागतो ते बघा, तेवढं पुरतं.

कोंडा असेल तर वडीत तेलं वाढवू नका. कोंड्याशी जोडलेलं मॅलॅसेझिया हे यीस्ट तेलावरच वाढतं. आणि घरची वडी हे कोंड्याचं औषध नाही. तिने टाळू स्वच्छ होतो, बस.

आता टोकं. त्यांच्यासाठी वेगळी कंडिशनर वडी करा, १०० ग्रॅमची: बीटीएमएस-५० (केस मऊ करणारा धनभारित मेणासारखा पदार्थ) ५५ ग्रॅम, सिटाइल अल्कोहोल ३०, कोको बटर १२, पँथेनॉल २, प्रिझर्व्हेटिव्ह १. बीटीएमएस, सिटाइल आणि बटर झाकून ८० अंशांवर वितळवा, एकजीव होईपर्यंत ढवळा, आच काढून थोडं निवल्यावर, पण ओतण्याइतकं पातळ असतानाच, उरलेलं घाला आणि साच्यात ओता. ही खरोखर ओतता येते, दाबावी लागत नाही. शॅम्पू धुवून टाकल्यावर ओल्या केसांच्या खालच्या अर्ध्या भागावर दोन-तीन वेळा फिरवायची. टाळूला लावायची नाही.

वजनकाटा

कंडिशनर वडी वेगळी हवी, मान्य. पण ज्यांना एकाच वडीत भागवायचं आहे त्यांनी शॅम्पूच्या वडीत ३ टक्के बीटीएमएस घातलं तर चालतं की. बरेच जण घालतात.

कुरळे_प्रकरण

घालतात, पण उपयोग किती? बीटीएमएस धनभारित, एससीआय आणि एससीएस ऋणभारित. एकत्र आले की एकमेकांना बांधतात आणि न विरघळणारी जोडी तयार होते. त्यातली थोडी केसावर बसते, त्यामुळे पहिले काही दिवस केस मऊ वाटतात. मग ती साचत जाते आणि केस जड होतात. फेसही कमी होतो. कॅटायनिक ग्वार पॉलिमर आहे, ०.३ टक्क्यांतच काम भागतं आणि केस धुताना पाण्याने पातळ झाल्यावर केसावर बसतं. बीटीएमएस महाग, त्याचं काम कंडिशनरमध्येच चांगलं होतं.

जास्वंदी

खूप आभार, बरंच स्पष्ट झालं. दोन गोष्टी राहिल्या. सीएपीबीने टाळूला खाज येत असेल तर त्या जागी डेसिल ग्लुकोसाइड घालता येईल का? आणि सुकी वडी असताना प्रिझर्व्हेटिव्ह कशासाठी? वाळलेल्या वनस्पतींच्या पुड्या घालायच्या असतील तर?

पीएच_साडेपाच

सीएपीबीची ॲलर्जी खरी आहे. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने २००४ साली तिला 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवलं होतं. मात्र त्रास बहुतेकदा सीएपीबी बनवताना मागे राहिलेल्या अशुद्ध अंशांचा असतो, त्यामुळे अधिक शुद्ध प्रतीचा माल काही जणांना चालतो. कोको बिटेन हा दुसरा पर्याय, तो वेगळ्या मार्गाने बनतो. खाज कशाची आहे हे नक्की करायचं तर त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्या, घरी अंदाज बांधत बसू नका.

डेसिल ग्लुकोसाइड चालेल, पण थेट अदलाबदल करू नका. त्याचा पीएच ११ च्या वर असतो. तसंच गरम एससीआयवर ओतलंत तर वर सांगितलेलं एस्टर तुटण्याचं काम जोरात होईल. आधी ते वेगळ्या भांड्यात सायट्रिक द्रावणाने ५.५–६ वर आणा, मगच मिसळा. सायट्रिक बरंच लागेल, तेवढं पाणी वाढेल, म्हणून ३० ऐवजी २४–२५ ग्रॅमपासून सुरुवात करा.

प्रिझर्व्हेटिव्ह: पूर्ण वाळलेल्या वडीत जंतू सहसा वाढत नाहीत. पण वडी रोज ओली होते, मोरीत पडून राहते, वरचा मऊ थर तासन्‌तास ओलसर असतो, आणि तुमच्यात प्रोटीनही आहे. १ टक्का घाला आणि विषय संपवा. मात्र १ टक्क्याच्या वर जाऊ नका, जास्त घालून वडी जास्त टिकत नाही, टाळूला चुरचुर होते.

वनस्पतींच्या कच्च्या पुड्या माझ्या मते नकोतच. ओल्या झाल्या की त्याच बुरशीला खाद्य, रंग काळपट पडतो, आणि बारीक दळलेल्या असल्या तरी टाळूवर ओरखडे उठतात. शिवाय त्या द्रव शोषतात, म्हणजे वडी पुन्हा कोरडी. हवाच असेल तर ग्लिसरीनमधला अर्क घ्या, १ ते २ टक्के, आणि तेवढं ग्लिसरीन कमी करा. दही, फळांचा गर, ताजा कोरफडीचा गर यातलं काही घालायचं नाही, कुठलंही प्रिझर्व्हेटिव्ह त्यांना पुरं पडत नाही. लिंबाचा रस सायट्रिक ॲसिडच्या जागी नको; त्यात साखर आणि गर असतो आणि आम्लाचं प्रमाण दर लिंबाला वेगळं.

सुती_पंचा

वापरण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. वडी केसांच्या लांबीवर घासू नये, खवले उलटे होतात आणि गुंता होतो. तळहातावर फेस करून टाळूला लावा, किंवा मुळांशी तीन-चारदा टेकवा. लांबीला खाली वाहणारा फेस पुरतो. वडी ठेवायला भोकांची जाळी, शॉवरच्या धारेपासून लांब. बशीत पाण्यात ठेवली तर कृती कितीही चांगली असो, खालून लिबलिबीत होणारच. २०० ग्रॅमच्या मिश्रणाच्या तीन वड्या पाडा आणि आलटून पालटून वापरा म्हणजे प्रत्येकीला वाळायला वेळ मिळतो.

वर घाम आल्यासारखे थेंब दिसले तर ते बहुतेक ग्लिसरीन किंवा पँथेनॉल हवेतलं पाणी ओढतंय. दोन्ही मिळून ३ टक्क्यांच्या आत ठेवा. कुरळ्या केसांच्या कृतीत ते थोडं वर जातंय, पावसाळी हवेत तिथे ग्लिसरीन अर्धं करून उरलेलं सीएपीबीने भरा.

वजनकाटा

बरोबर. फक्त ग्लिसरीन अर्धं केलंत तर ग्वार कालवायला १.६ ग्रॅमच उरेल, तेवढ्यात ते जेमतेम भिजतं; आधी चांगलं घोटून मग घाला. आणि ०.६ ग्रॅम ग्वार स्वयंपाकघरातल्या १ ग्रॅमच्या काट्यावर मोजता येत नाही, त्यावर ते शून्य तरी दिसतं नाहीतर एक. ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा लागेल. पँथेनॉल, प्रिझर्व्हेटिव्ह आणि सुगंधही त्यावरच मोजा.